नवस सांगायचा नसतो

रविवार, १४ फेब्रुवारी १९७१. दुपारचे तीन. राहात्याकडून पुणतांब्याला जाणाऱ्या रस्त्यावर गोरक्षने चौथी बैलगाडी नाकारली.

नाकारायला कारण होतं. नगरच्या एका कचेरीत कारकून असलेल्या गोरक्षने दिवाळीत गावी येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की कळसूबाई चढेन आणि तिथून पुणतांब्याला पायी येईन. चाकाला अंग लावणार नाही. त्याचे चुलते कारभारी नाना हसता हसता खाटेवरून घसरले होते. नाना देहाने पोत्यासारखे. दोन शेतं ओलांडून विहिरीवर जायचं तरी गाडी जुंपायचे.

"तू चालत आलास तर म्या बी कळसूबाई चढंन," नाना म्हणाले होते. "न्हाई आलास, तर परत माझ्यासमोर तोंड उघडायचं न्हाई."

गोरक्षला न बोलता जगणं शक्य नव्हतं. त्याने रजा टाकली, लष्करी लिलावातली खाकी सॅक पाठीला लावली आणि निघाला. पहिल्याच दिवशी माकडांनी दशम्या पळवल्या. संगमनेरला एका बुटाचा तळ सुटला, तो सुतळीने बांधावा लागला. तरी आज नववा दिवस होता, पाच मैल उरले होते आणि पैज खिशात होती. खिशात असूनही पाऊल मात्र मंदावलं होतं. नऊ दिवसांत कुणी त्याला "अमकी फाईल कुठाय?" असं विचारलं नव्हतं. पोचायची घाई होती, आणि पोचलो की संपलं, हेही कळत होतं.

चौथी गाडी गावच्याच पुंजारामची होती. कारखान्यावर ऊस टाकून तो परत निघाला होता. गाडीत लंकामावशी बसली होती.

"बस की रं," पुंजाराम म्हणाला. "रिकामीच चाललीया."

"नको. पायीच जायचंय."

"पाय बघ की. भोपळ्यावानी सुजल्यात."

"तरी नको."

या मुलखात फोड आलेल्या पायांनी रिकामी गाडी नाकारणाऱ्या माणसाचा अर्थ एकच होतो. लंकामावशी पदर सावरत खाली उतरली.

"कशाचा नवस हाय रं, गोरक्षा?"

"नवस नाही मावशी. पैज आहे, नानांशी."

"बराबर हाय. नवस सांगायचा नसतो."

"अहो, खरंच पैज आहे."

"सांगू नगंस म्हनलं ना. फळ जातं." तिने सॅकला हात घातला. "आमची छबू बाळंतपनाला आलीया. दोन येळा रिकामी झाली पोर. आता दिवस भरल्यात. नवसाचं वझं चार पावलं माझ्या डोईवर ऱ्हाऊ दे, बाबा."

सॅक तिच्या डोक्यावर गेली. गोरक्षने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मग गणित त्याच्या हातात राहिलं नाही. मागून येणाऱ्या गाडीतली माणसं विचारायची, "काय हाय?" पुंजाराम सांगायचा, "नवस. सांगत न्हाई." लगेच माणसं उतरून चालू लागायची. चारला सोबत सोळा माणसं होती, पाचला चाळीस. साडेपाचला हलगी वाजू लागली. ती कुठून आली, याचा तपास लागला नाही. सगळ्यांच्या मागून पाच रिकाम्या गाड्या, आपलंच काही चुकल्यासारख्या.

वेशीत गावातल्या बनुबाईने त्याच्या पायांवर पाणी घातलं. कुणी गुलाल टाकला. इतक्या थाटात गावात मंत्रीही आला नसेल. गोरक्षची छाती सॅकशिवायच फुगली. गर्दी सारून तो नानांसमोर उभा राहिला.

"आलो, नाना. कळसूबाई कधी चढताय?"

नानांनी हलगीकडे पाहिलं, गुलालाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांनी रक्त आलं.

"ह्यो तर नवस हाय," ते मोठ्यांदा म्हणाले. "नवसावर पैज लागत न्हाई."

"नाना, तुम्हाला माहीत आहे."

"मग सांग की चारचौघांत. नवस न्हाई म्हन. ही लंकाबाई उभी हाय."

लंकामावशीने सॅक अजून खाली ठेवली नव्हती. हलगी थांबली. गोरक्षने एकदा नानांच्या पोटाकडे आणि एकदा मावशीच्या मानेकडे पाहिलं.

"पायी आलो," तो म्हणाला. "एवढं खरं."

"बघा," लंकामावशी म्हणाली. "अजून बी सांगत न्हाई. खरा नवस."

हलगी पुन्हा सुरू झाली. नानांनी त्याला नमस्कार केला, तोही वाकून. आयुष्यात कुणी केला नव्हता इतका मानाचा नमस्कार. गोरक्षला तो शिवीसारखा लागला.

मंगळवारी त्याला कचेरीत हजर व्हायचं होतं. म्हणून सोमवारी दुपारी चारला तो सॅक घेऊन एस.टी.पाशी आला. पायरीवर पाय ठेवताच पुंजारामने दंड धरला.

"नवस फिटला का?"

"म्हणजे?"

"फिटल्याबिगर चाकावर बसायचं नसतं."

"कधी फिटणार?"

"आमाला काय ठावं? तू सांगत न्हाईस."

रशीद कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला होता. "तुमी आपसात मिटवा," तो म्हणाला. "मी दोन मिनिटं थांबतो."

"देवाचं काम हाय," नाना गर्दीतून म्हणाले. "चढू दिऊ नका त्येला."

गोरक्षने गर्दीवरून लंकामावशीच्या घराकडे पाहिलं. छबूला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या आणि दारात बायका उभ्या होत्या. त्याने पायरीवरचा पाय मागे घेतला. दोन मिनिटं झाली आणि गाडी गेली.

नगर तिथून पन्नासेक मैल. पाच वाजता श्रीरामपूरच्या रस्त्यावर लोकांनी त्याला पाहिलं. सॅक पाठीवर होती, चाल झपाट्याची होती, आणि पाहणारे सांगतात की तो शीळ घालत होता. छबूकडून संध्याकाळपर्यंत काही निरोप नव्हता. मंगळवारी गोरक्ष कचेरीत हजर झाला की नाही, हेही अजून कळलेलं नाही.