तिसऱ्या मैलाची कॉफी

हरिहर देवपुजारी नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती, तरी खात्याच्या कागदावर ते अजून तात्पुरते ओव्हरसियरच होते. या अकरा वर्षांत त्यांचं लग्न झालं, टक्कल पडलं आणि दोन दाढा गेल्या. या सगळ्या गोष्टी कायमच्या झाल्या, नोकरी तेवढी राहिली.

त्यामुळे गुरुवारी अकोल्याहून मोठ्या साहेबांचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. पहिल्या अर्ध्या पत्राला त्यांचा चेहरा फुलला. रंगनाथन साहेब शनिवारी अमरावतीला येणार होते आणि हरिहररावांना कायम करण्याचा कागद सोबत आणणार होते. दुसरं अर्धं पत्र त्यांनी बसून वाचलं. चिंचखेड फाटा ते हिरापूर हा पाच मैलांचा नवा रस्ता साहेब स्वतः पाहणार होते आणि तो पाहून झाल्यावरच सही करणार होते.

पाच मैलांपैकी चार मैलांबद्दल हरिहररावांना कसलीही काळजी नव्हती. भानगड होती ती तिसऱ्या मैलाची. रस्त्याचं काम तिसऱ्या मैलावर आलं, तेव्हा कंत्राटदार खुशालराव यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि सरकारी रोलर अकरा दिवस खुशालरावांच्या वावरात मांडवाची जागा सपाट करत फिरला. पाहुण्यांनी नवरीपेक्षा जमिनीचंच जास्त कौतुक केलं. हरिहररावही लग्नाला गेले होते, जिलबीला नाही म्हणाले नव्हते. मग रोलर परत आला तोवर मुदत संपली. तिसऱ्या मैलावरून तो एकदाच घाईघाईनं फिरवला आणि हरिहररावांनी दहा पाळ्या झाल्या असं लिहून दिलं. आता त्या मैलात एस.टी. शिरली की झोपलेले प्रवासी जागे होत आणि जागे असलेले देवाचं नाव घेत.

संध्याकाळी खुशालराव संत्र्यांची टोपली घेऊन हजर झाले. पत्र ऐकूनही त्यांच्या मिशीचा केस हलला नाही.

"ओव्हरशेर साहेब, कायले भेता? थ्या साहेबाले कापीचा लय नाद हाये. मी दर्यापूरच्या क्यांपात पाह्यलं ना बाप्पा. फिल्टरातून कापी टपकेपर्यंत थो माणूस जाग्यावरून हालला नाई. घंटाभर सारी पाहनी बंद!"

"मग?"

"मंग काय? त्याले घरी बसवा, कापी मांडा. थंडीचे दिवस हायेत, सहाले अंधार पडते. अंधारात कोनाच्या बापाले खड्डा दिसते?"

हरिहररावांना खुशालरावांचा आदर वाटला असा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

घरात फिल्टर होता. विमलबाईंच्या माहेरी, अकोल्याला, शेजारी रेल्वेतलं मद्रासी कुटुंब राहायचं. त्यांनी लग्नात पितळी फिल्टर अहेर केला होता. वर एक भांडं, त्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पूड घालायची, दांड्याच्या चकतीनं दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि खालच्या भांड्यात काळा अर्क थेंबथेंब उतरायची वाट बघायची. देवपुजारींच्या घरी सगळे चहाचे भक्त असल्यानं गेली सहा वर्षं त्यात सुपाऱ्या नांदत होत्या. सुपाऱ्यांना दुसरीकडे जागा दिली, बाजारातून कॉफीचा डबा आणला आणि शुक्रवारी सकाळी हरिहररावांनी रजा टाकून कामाला सुरुवात केली.

पहिला प्रयोग दोन मिनिटांत आटोपला. पाणी ओतलं तसं ते एका कडेनं सरळ खाली धावलं. खाली जमलं ते परटिणीनं धुतलेल्या धोतराचं पाणी म्हणून खपलं असतं.

"असं काहून झालं?" हरिहररावांनी विचारलं.

विमलबाईंनी वरचं भांडं वाकडं करून पाहिलं. "तुम्ही पूड एका अंगाले ओतली. इकडे डोंगर, तिकडे दरी. पाणी दरीतूनच जाईन ना! आमच्या शेजारच्या मामी आधी पूड मोकळी करत, मग सारखी पसरत, मग दाबत. हलक्या हातानं."

हरिहरराव तासाभरात या विषयातले तज्ज्ञ झाले. पुडीच्या गुठळ्या मोडायला त्यांनी विमलबाईंची स्वेटर विणायची सुई घेतली. पृष्ठभाग सारखा करायला पोस्टकार्डाची कड फिरवली. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा ओळखीच्या गवंड्याकडून बुडबुड्याची लेव्हल मागवली आणि ती भांड्याच्या काठावर ठेवून डोळा मिटून पाहिलं. दुपारपर्यंत पाऊण डबा कॉफी मोरीत गेली आणि सुईला असा रंग चढला की अर्धवट विणलेला पांढरा स्वेटर विमलबाईंना तपकिरी करावा लागणार होता. पण अर्क आता काळाभोर, दाट आणि संथ उतरू लागला.

संध्याकाळी त्यांना आणखी एक शोध लागला. पूड जितकी जास्त दाबावी तितका अर्क उशिरा उतरतो. चकती नुसती टेकवली तर वीस मिनिटं. तळव्यानं दाबली तर चाळीस. दोन्ही हातांनी, जमिनीवर उकिडवं बसून दाबली तर सव्वा तास.

"साहेब तीनला येतील. सहाला अंधार," हरिहरराव म्हणाले. "तीन तास पाहिजेत. वरवंटा कुठंय?"

"अहो, कॉफी हाय ती, जमीन नाही! धुम्मस नका घालू!" विमलबाई म्हणाल्या. पण हरिहरराव वरवंटा धुवत होते.

शनिवारी तीनला पाच कमी असताना जीप दाराशी थांबली. रंगनाथन साहेब उंच, काळेसावळे, धुतल्यासारखे स्वच्छ आणि मितभाषी. त्यांच्याबद्दल एक गोष्ट खात्यात सर्वांना ठाऊक होती. मद्रासकडून या भागात आल्यावर ते मराठी शिकले ते खडी फोडणाऱ्या मजुरांकडून. त्यामुळे कलेक्टरपासून शिपायापर्यंत सगळ्यांशी ते सारख्याच आपुलकीनं बोलत.

"काहून बे हरिहर, कसा हायेस?" साहेब म्हणाले आणि बैठकीत बसले. मग हवेत नाक उंचावून म्हणाले, "कापी मांडली काय?"

"मांडली, साहेब! फिल्टरची!"

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पाय लांब केले. खुशालराव दाराशी गुलाबी फेट्यात उभे होते. त्यांनी हरिहररावांना डोळा मारला.

गप्पा अपेक्षेपेक्षा बऱ्या चालल्या. साहेबांनी तिसऱ्या मैलाबद्दलच्या तक्रारीचा कागद काढला. हरिहररावांनी उत्तर पाठ केलं होतं.

"साहेब, काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. सपाट म्हणून काही तिथं राहतच नाही. त्यात मजूर अडाणी. सारखं पसरणं, सारखं दाबणं म्हणजे काय, त्यांना कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यातला फारसा अनुभव नाही. कोणी शिकवलंच नाही!"

"किती पाळ्या देल्ल्या रोलरच्या?"

"दहा," हरिहरराव म्हणाले.

"बारा!" खुशालराव त्याच क्षणी म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "खरं हाये. काळी माती कोनाचंच आयकत नाई. शिकवलं नाई तं मानूस तरी काय करन?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. हरिहररावांनी स्वतःचं नाव उलटं वाचलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"पयले कापी येऊ दे," साहेब म्हणाले आणि पेन तसंच हातात धरून बसले.

हरिहरराव आत धावले. स्वयंपाकघरात विमलबाई फिल्टरसमोर हात बांधून बसल्या होत्या.

"किती झाली?"

"किती काय? एक थेंब नाही पडला. पाणी वरच थंड होऊन राहिलं. घाला अजून वरवंटा!"

चार वाजले, साडेचार वाजले. हरिहररावांना उशीर हवा होता, पण इतका नको होता. पावणेपाचला बैठकीतून आवाज आला, "हरिहर, कापीले टाइम दिसते. चाल, तवरिक सडक पाहून येऊ!"

"आलीच, साहेब! उतरलीच!" हरिहररावांनी ओरडून सांगितलं आणि फिल्टरला चापट मारली, हलवला, उलटा धरायचं तेवढं बाकी ठेवलं. मागोमाग खुशालराव आत आले.

"सरका. बुच बसला हाये. फुंकर मारली का मोकळा होते. मी मोटारचा पाइप असाच साफ करतो."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी वरच्या भांड्यावर तोंड लावलं आणि छातीत हिरापूर रस्त्यावरची सगळी हवा भरून फुंकलं. खाली जायला वाट नव्हती, म्हणून सगळं वर आलं. खुशालरावांच्या मिशा, खुशालरावांचा गुलाबी फेटा, मागची भिंत आणि भिंतीवरचं पंचांग एकाच क्षणी एका रंगाचं झालं.

"मोकळा झाला," खुशालराव डोळे मिटून म्हणाले.

आता विमलबाईंचा संयम सुटला. "तुम्ही दोघंही मागं व्हा," त्या म्हणाल्या. त्यांनी भांडं धुतलं, डब्याच्या तळाची उरलेली पूड त्यात घातली, सुईनं चारदा मोकळी केली, पोस्टकार्डाची कड एकदा फिरवली, चकती नुसती टेकवून किंचित दाबली आणि उकळतं पाणी कडेकडेनं सोडलं. खाली टप् असा आवाज झाला, मग पुन्हा टप्. त्या आवाजानं हरिहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दूध आणायला विमलबाई मागच्या पडवीत गेल्या.

तेवढ्यात मागून कोणी खाकरलं. साहेब बूट काढून, नुसत्या मोज्यांवर दारात उभे होते.

त्यांनी खुशालरावांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. वाकून वास घेतला. अर्काचा एक थेंब बोटावर घेऊन चाखला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, आईच्या हातचं आठवल्यासारखा.

"वा! अशी कापी मी अमरावतीत पयल्यानं पाह्यली. ही पूड बसवली कोनं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर अगदी सोपं होतं. पण समोर साहेब प्रसन्न, त्यांच्या हातात उघडं पेन. हरिहररावांनी छाती पुढे काढली.

"मीच, साहेब."

पडवीत दुधाचं भांडं जरा जोरात आदळलं.

"तू?" साहेब म्हणाले. "कशी काय बसवली? सांग बरं."

मग हरिहररावांना कोणी थांबवू शकलं नाही. त्यांनी सुई दाखवली, पोस्टकार्ड दाखवलं, गवंड्याची लेव्हल दाखवली. "साहेब, पाणी मोठं आळशी. जिथं भुसभुशीत तिथून पळतं. म्हणून आधी गुठळ्या मोडायच्या. मग थर सगळीकडे सारखा. उंचवटा नको, खळगा नको. मग दाबायचं. कडेकडून मधे यायचं."

"आन् दाबलं कमी तं?"

"सगळं वाहून जातं, साहेब. पहिल्याच पाण्यात."

"एकाच पाळीत काम भागते काय?"

"छे! एका पाळीत काय होतंय?" हरिहरराव हसले. "थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. त्यात आळस केला की संपलं."

"अन् हे तुले कोनं शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? अनुभव, साहेब!"

खुशालराव केव्हापासून त्यांचा सदरा मागून ओढत होते. हरिहररावांना वाटलं, ते तोंड पुसायला फडकं मागतायत.

साहेब शांतपणे बैठकीत जाऊन बसले. विमलबाईंनी कॉफी आणून ठेवली. त्यांनी एक कप प्यायला, डोळे मिटून दुसरा प्यायला. मग पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मंग हरिहर, तिसऱ्या मैलाले काय झालं?"

हरिहररावांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर दिवस बुडला होता. निदान तेवढं तरी साधलं होतं.

"साहेब, आता अंधार झाला," ते चाचरत म्हणाले. "रस्ता काय दिसणार? पुढच्या महिन्यात..."

"मी सडक अंधारातच पाहातो," साहेब उठत म्हणाले. "दिवसा उन्हात सारं सपाटच दिसते. जीपचा दिवा आडवा पडते ना, तवा येक येक खड्डा सावलीसकट उभा राह्यते. मी तं दिवस बुडाची वाटच पाहून राह्यलो होतो. मघा 'चाल' म्हनलो, थे नुसतं तुले पाहाले. बरं झालं, कापी होती."

खुशालरावांनी निघायचा प्रयत्न केला. "तू बी बस बे, बारा पाळ्या," साहेब म्हणाले. मग ते आत वळून विमलबाईंशी दोन मिनिटं काही बोलले आणि थर्मास नि एक कप घेऊन जीपमध्ये बसले.

जीप चार-पाच मैल गेली. चिंचखेड फाटा आला. पहिला मैल छान गेला, दुसराही छान गेला. दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी साहेबांनी जीप थांबवली, पायाशी ठेवलेला थर्मास उघडला, चिनी मातीचा कप काठोकाठ भरला आणि हरिहररावांच्या हातात दिला.

"हे धर. तिसरा मैल सरेपर्यंत थेंब सांडला नाई, तं तठीच सही करतो. मर्दाची जबान हाये."

हरिहररावांनी पुढे पाहिलं. दिव्यांच्या उजेडात तिसरा मैल नांगरलेल्या वावरासारखा दिसत होता. त्यांनी कपाकडे पाहिलं. अकरा वर्षांत सुचलं नव्हतं ते त्यांना एका क्षणात सुचलं. त्यांनी वाफाळती कॉफी एका दमात घशाखाली उतरवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, जिभेची साल गेली, पण त्यांनी रिकामा कप अभिमानानं पुढे केला.

"आता थांडायची भीती नाही, थाहेब," ते भाजल्या जिभेनं म्हणाले.

साहेब मुळीच रागावले नाहीत. त्यांनी कप घेतला आणि पुन्हा काठोकाठ भरला.

"बाईनं सांगतलं होतं मले," ते म्हणाले. "'साहेब, एका कपानं भागणार नाही, पहिला ते पिऊन टाकतील.' म्हनून सहा कप देल्ले तिनं. आन् पूड कोनं बसवली, थे बी सांगतलं."

जीप सुरू झाली. पहिल्याच खड्ड्यात दुसरा कप हरिहररावांच्या पँटवर गेला. तिसरा साहेबांनी भरून दिला तो खुशालरावांच्या अंगावर गेला, पण त्यांच्यात काही फरक दिसला नाही. चौथा, पाचवा, सहावा कुठं गेला ते कळलं नाही. मैलाचा दगड आला तेव्हा थर्मास रिकामा होता आणि साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायमच्या नोकरीचा कागद तेवढा अगदी कोरडा होता.

"सोमवारी रोलर आन," साहेब म्हणाले. "अन् येताना बाईले घेऊन ये. दाबायचं कसं, थे ती सांगन."