तक्रारीचा प्रकार : नाव नसणे

माणूस आनंदात असला की काम चांगलं करतो, हे आता कुणीही नाकारत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की माणूस आपणहून आनंदी होईपर्यंत कंपनीने वाट तरी किती बघावी? वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मिक्सर-पंख्यांच्या तक्रारी फोनवर ऐकणारं एक केंद्र आहे. माणसं बत्तीस. त्यांच्यासाठी कंपनीने वाट न बघता सुशांत सरांना 'आनंद अधिकारी' नेमलं.

सरांनी आठवडा आखून दिला. सोमवारी फुगे. मंगळवारी संगीत खुर्ची (खुर्च्या मुळातच दोन कमी होत्या, त्यामुळे हा खेळ दिवसभर चालतो). बुधवारी प्रत्येकासमोर आरसा, म्हणजे ग्राहक ओरडत असताना आपले किती दात दिसतात ते कळतं. महिनाअखेरच्या पाहणीत सत्त्याण्णव टक्के कर्मचारी आनंदी निघाले. उरलेले तीन टक्के (म्हणजे धोंडू) त्या दिवशी दाढ काढायला गेले होते.

पण सरांची खरी कामगिरी रजेत दिसते. पूर्वी अर्ज केला की रजा मिळायची. त्यात कसली आली मजा? आता रजा हे बक्षीस आहे. बोलणं संपलं की यंत्र ग्राहकाला विचारतं, 'सेवेला एक ते पाच गुण द्या.' गुरुवार संध्याकाळपर्यंत चाळीस ग्राहकांनी पाच दाबलं, की शुक्रवारी रजा.

दीपिकाला शुक्रवारच हवा होता. मिठबावला तिच्या भावाच्या, सर्वेशच्या, मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या एकच. बारावा दिवस काही पुढे ढकलता येत नाही.

"सर, मी गेले नाही तर पोरीला नाव कोण सांगणार?"

"वा," सर मनापासून म्हणाले. "मग जिंका ना."

दीपिका झटली. चार दिवसांत तिने दोनशे अकरा घरांतले पंखे फिरते केले. लोकांनी तिला आशीर्वाद दिले, आंबे देऊ केले, एकाने तर आपल्या पुतण्यासाठी स्थळ म्हणून विचारलं. पाच मात्र एकोणचाळीस जणांनीच दाबलं. आशीर्वाद मोजायची सोय यंत्रात नाही.

सरांनी तिला उत्तेजनार्थ फुगा दिला.

शुक्रवारी सकाळी दीपिकाच्या शेजारी बसणाऱ्या मितेशच्या टेबलावर फोन वाजला.

"आपली तक्रार सांगा."

"चेडवाक नाव नाय."

मितेशने दीपिकाच्या भावाचा आवाज ओळखला. "कितक्या दिसांचा?"

"आज बारा."

"मगे वॉरंटीत आसा," मितेश म्हणाला आणि तक्रार नोंदवून फोन दीपिकाकडे वळवला. तक्रार नोंदवलेली असल्यामुळे सरांनाही हरकत घेता येईना.

"गो दीपा, सव्वीस मिनिटां फोन कानाक लावून बसलो मी," सर्वेश म्हणाला. "तुमचा ता संगीत आयकान पोर दोनदा झोपला."

"उठव तिका. फोन कानाकडे धर."

सगळ्यांनी आपापले ग्राहक होल्डवर टाकले. दीपिकाने मान खाली घातली, डोळे मिटले आणि तोंडासमोरच्या मायकात हळूच म्हणाली, "कुर्र... गौरजा."

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे, अशी रीत आहे. मिठबावला आत्याची पाठ नव्हती, म्हणून वेंगुर्ल्याला मागच्या टेबलावरच्या स्वप्ना आणि विनीताने ते काम केलं. तिकडे बाळ रडलं, इकडे एकतीस जण हसले (आरसे न बघता), आणि दीपिका हसता हसता डोळे पुसू लागली. सरांनी लगेच फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवला. खाली लिहिलं, 'शुक्रवारचा उपक्रम : बारसे. दर आठवड्याला घेण्यास हरकत नाही.' नोंदवहीत शेरा पडला, 'तक्रार निवारण पूर्ण.'

मग यंत्राने सर्वेशला गुण विचारले. तिकडे पेढे वाटायला सुरुवात झाली होती. त्याने फोन ठेवून दिला.

सख्खा भाऊ असून पाच दाबलं नाही, म्हणून त्याला नावं ठेवू नका. मागच्या वेळी तुमचा मिक्सर फिरू लागला, तेव्हा पलीकडच्या मुलीला तुम्ही "खूप छान बोललात हो" असं म्हणालात. फार बरं वाटलं असेल तिला. पण नंतर दाबलं किती?