गुरुजींनी गाव मोजलं

या वर्षी तिसरीतलं एकही पोर गणितात मागं राहणार नाही, असं गुणवंतराव रामटेके गुरुजींनी चंद्रपूरच्या प्रशिक्षणाहून आल्या आल्या बायकोला सांगून टाकलं. पाढे घोकायचे दिवस गेले. आता गणित हातानं करायचं! कमलाबाईंनी त्यांची पिशवी उघडली. वांगी-टमाटर आणायला सांगितले होते, निघाला सुतळीचा गुंडा.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मूल या तालुक्याच्या गावापुढं, जंगलाला टेकलेल्या एका धानाच्या गावात गुरुजी शिकवायचे. त्यांनी सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारल्या, बांबूच्या खुंट्या तासल्या आणि लांबून दिसाव्यात म्हणून शाळेच्या दाराचा उरलेला लाल रंग त्यांच्या डोक्यांना फासला. मग पोरं घेऊन गाव मोजायला निघाले. माप संपेल तिथं खुंटी ठोकायची, घर मोजून झालं की भिंतीवर गेरूनं आकडा लिहायचा. बेरीज म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, ते पोरही सुतळीचं टोक धरून सुटलेल्या गोऱ्ह्यासारखं धावत होतं.

त्या दिवसांत बाजारात धरणाची बोलणी फार. कुठंतरी मोठं धरण होणार, गावं उठणार. कोणतं गाव, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ज्याला त्याला आपलंच वाटायचं.

लटारूच्या दारात खुंटी लागली तेव्हा त्याची बायको धुरपता बाहेर आली. हे मोजमाप कायचं, असं तिनं विचारलं. गुरुजी घाईत होते, अर्धी पोरं नाल्याकडं पळाली होती. शिवाय आपलं नवं काम जरा वजनदार वाटावं, असंही मनात होतंच.

"वरून हुकूम आहे, बाई," ते म्हणाले. "सारं मोजाचं हाय."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं आणि पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं. पाणी लाल खुंटीपर्यंत येणार. भिंतीवर जेवढा आकडा, तेवढी भरपाई.

दुसऱ्या दिवसापासून गावाला गणिताची गोडी लागली. ज्या भैयाजीचं पोरगं शाळेला देवीच्या जत्रेइतकंच दिसायचं, त्यानं स्वतः ते हाताला धरून आणलं, वर एक कोंबडा दिला आणि बकऱ्यांचा कोठा घरातच धरून मोजावा अशी गळ घातली. मुखरूची तक्रार होती की भावाच्या भिंतीवर मोठा आकडा आहे, सुतळी ढिली धरली असणार. गुरुजींनी त्याला अर्धा तास उभं करून लांबी-रुंदी समजावली. म्हातारे लोक मीटर विचारत येताहेत, या आनंदानं त्यांना झोप लागेना. कमलाबाई कोंबडा शिजवताना म्हणाल्या, लोक उगाच कोंबडा देत नाहीत, एकदा नीट विचारून पाहा. गुरुजींना वाटलं, हिला आपलं कौतुक पाहवत नाही.

शनिवारी झाडांचा घेर मोजायचा होता. लटारूच्या बांधावर मोहाचं मोठं झाड होतं. चार पोरांनी हात धरले तरी कवेत न येणारं. गुरुजी पोरांना घेऊन तिथं पोचले तर झाड आडवं पडलेलं. लटारू कुऱ्हाडीनं फांद्या छाटत होता.

"काऊन पाडलं, लटारूभाऊ?"

"बुडनारच होतं नं," लटारू शांतपणे म्हणाला. त्यानं हातानं बांधाच्या वरच्या अंगाला ठोकलेली लाल खुंटी दाखवली. "लाकूड तरी हाती लागते."

गुरुजींना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी धरण नाही, बुडणं नाही, हे पोरांचं गणित आहे, असं सांगितलं. लटारूनं खुंटीकडं पाहिलं, पोरांच्या हातातल्या सुतळीकडं पाहिलं आणि तो त्याच झाडावर बसला. तो चिडला असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

मग तो पोरांना म्हणाला, "मोजा आता. आडवं हाय, सोपं जाईन."

पोरांनी मोजलं. उत्तर अगदी बरोबर आलं.

गावानं खुंट्या उपटून चुलीत घातल्या. काहीजण पोट धरून हसले. भैयाजीनं कोंबडा परत मागितला, तो तर कधीच पचला होता. गुरुजी घरोघर जाऊन खुलासा करत फिरले. लटारूच्या दारात मात्र ते ओट्यावर बसले. तिथं त्यांनी चहा घेतला, तोही थंड होईपर्यंत हातात धरून.

चैतात मोहाची फुलं गळायला लागली, ती वेचून विकायचे दिवस आले. पहाटे शाळेच्या वाटेवर गुरुजींना धुरपता भेटली. रिकामी टोपली घेऊन ती जंगलाकडं निघाली होती. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, कुठवर जाणार. नाल्याच्या पल्याड, ती म्हणाली. अलीकडची झाडं लोकांची होती, तिच्या बांधावर आता झाड नव्हतं.

ती दोन पावलं गेली आणि थांबली.

"गुरुजी, ते धरण खरंच नाई येत का?"

"नाई, बाई. मी मूलले जाऊन विचारून आलो. आपल्याकडं नाई येत."

धुरपतानं टोपली कमरेवर घेतली.

"आलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.