व्हिडिओ अडकला, मामाचा हात वरच

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. कारण यात मी काही फार ग्रेट दिसत नाही. पण टेकू म्हणाली, "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन." तिने लिहिलं तर मी याहून वाईट दिसेन. म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. लॅपटॉपमधलं मला कळतं! कुठल्या क्लासला गेलो नाही. उघडलं, बिघडवलं, घाबरलो, परत जोडलं, असं करत शिकलो. अख्ख्या नात्यागोत्यात कुणाचं काही हँग झालं की पहिला फोन मला. त्यामुळे मामाचा व्हिडिओ अडकतोय हे कळल्यावर मी फोनवरच सांगून टाकलं, "मामा, अर्ध्या तासात पळवतो बघ!"

अर्धा तास. हसू नका.

मामा पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या रंगवतो, हाताने, ब्रशने. त्याचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. आणि नेमकं तेव्हाच बुटांच्या दुकानाचं काम आलं. शटरच्या वरची अख्खी भिंत, एकेक अक्षर माणसाएवढं! दुकानदार म्हणाला, "पुढच्या सोमवारी हात वर जात असेल तर या. नाहीतर मी छापील बोर्ड लावून मोकळा होतो." छापील बोर्ड म्हटलं की मामाचा चेहरा असा होतो, जणू कुणी त्याच्या ब्रशने बूट पुसले.

टेकू म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. परीक्षेत अख्खा वर्ग तिच्या आधारावर उभा असायचा, म्हणून टेकू. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे, आखडलेले सांधे व्यायाम करवून सोडवते. रोज मामाकडे येणं तिला जमेना, म्हणून तिने स्वतः व्यायाम करताना शूट केलं, ऑनलाइन टाकलं आणि लिंक पाठवली. "मामा, मी करते तसं करायचं. बस!"

इथेच घोळ झाला. कारण मामाचा एक नियम आहे. नमुन्यात जे असेल तेच पाटीवर. एकदा गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्यावर डास चिरडलेला होता. मामाने तो पाटीवर उतरवला. पायांसकट!

आणि लॅपटॉप? वहीएवढा. कुणीतरी नवीन घेतला म्हणून जुना मामाच्या गळ्यात मारलेला. मेमरी इतकी कमी, की चालू केला की आधी तो बराच वेळ 'आपण कोण' हेच आठवत बसतो.

मी पोचलो तेव्हा मामा खिडकीशी उभा. उजवा हात पुढे, जेमतेम खांद्याइतका वर. टेबलावर लॅपटॉप. स्क्रीनवर टेकू, तिचाही हात वर, आणि तिच्या नाकावर गोल गोल फिरणारं चक्र.

"मामा, काय झालं?"

"बोलू नकोस. व्यायाम चालू आहे."

"अरे, व्हिडिओ अडकलाय!"

"अडकलाय का थांबलाय, तुला काय माहीत? ती थांबली, मी थांबलो. ते गोल फिरतंय तोवर हात खाली नाही!"

आतून मामी आली. "काल असाच उभा होता. मी बाजारात जाऊन आले, शेजारी गप्पा मारून आले, हा तिथेच! म्हटलं टाळी हवीय का, तर डोळे वटारतो!"

तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. रस्त्यापलीकडच्या गॅलरीत निवृत्त बँकवाले काका. त्यांचाही हात वर! मामा आपल्याला हात करतोय असं त्यांना वाटलेलं. आता मामा हात खाली घेईना, मग ते कसे घेतील? शिष्टाचार आहे की नाही! दोन मोठी माणसं रस्त्याच्या दोन बाजूंना हात वर करून उभी. जणू दोघं मिळून एकच बस थांबवतायत आणि बस काही येत नाही.

शेवटी चक्र थांबलं. टेकूने हात खाली घेतला, मामाने घेतला, काकांनीही घेतला आणि खुर्चीत बसकण मारली. मामाने भिंतीवर बोट टेकवून पेन्सिलीने खूण केली. आज हात कुठवर पोचला त्याची. खुणा रोज थोड्या वर सरकत होत्या. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी लॅपटॉपकडे बघत होतो, गिधाडासारखा.

आधी टॅब. मामाने जन्मात एकही टॅब बंद केलेली नव्हती.

"ते अक्षरांचे नमुने आहेत! बंद करू नकोस!"

"मामा, हा लॅपटॉप मरतोय."

"मग मरताना तरी चांगली अक्षरं बघू दे त्याला."

बंद केल्या. नको ती सॉफ्टवेअर काढली. पंख्यातली धूळ फुंकली, ती मामीच्या चहात गेली. व्हिडिओ तरी अडखळतोय!

मग मी क्वालिटी उतरवली. पार तळाला. आणि व्हिडिओ पळाला! फक्त टेकूचे चौकोन झाले.

"ही बाई आहे का फरशी?" मामा म्हणाला. पण नमुना तो नमुना. एक चौकोन वर गेला. तो टेकूचा हात होता. मामाला वाटलं गुडघा. त्याने गुडघा उचलला! गुडघा टेबलाला, टेबलाचा धक्का रंगाच्या डब्याला, डबा आडवा, आणि मामीचं नवं पायपुसणं लालभडक!

"आले आमचे शास्त्रज्ञ!" मामी कमरेवर हात ठेवून. "खांदा बरा करायला आले, गुडघा फोडला!"

मी खचलो नाही. लॅपटॉपला खालून हात लावला तर तवा! तापला की तो आपोआप हळू चालतो, हे मला माहीत होतं. मी फ्रिझरमधली बर्फाची पिशवी काढून त्याखाली सरकवली. काय पळाला! थोडा वेळ. ती पिशवी मामाच्या खांद्याची होती हे मला नंतर कळलं. म्हणजे मामीने ती उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली तेव्हा.

"अगं, ही बर्फाची पिशवी का शेकायची?" मामा उडालाच. आयुष्यात त्या खांद्याने केलेली ती सगळ्यात झटपट हालचाल.

शेवटी मला सुचलं. जे आधीच सुचायला हवं होतं. नेटच मधून काढून टाकायचं! टेकूकडून मूळ फाइल मागवली, माझ्या कॉम्प्युटरवर ती बेताच्या साइझची केली, लॅपटॉपमध्ये टाकली, एक हलकासा प्लेअर बसवला आणि बटण दाबलं.

लोण्यातून सुरी! ना चक्र, ना चौकोन. टेकूचा हात वर, हात खाली, वर, खाली. मामा तिच्याबरोबर. व्यायाम चहा उकळायच्या आत संपला.

"पोरगी केवढी चपळ आहे रे!" मामा म्हणाला.

मी कॉलर ताठ केली. मामीने मला दुसरा चहा दिला, बिनधुळीचा. दोन-तीन दिवस भेटेल त्याला मी हेच सांगत होतो.

मग बेल वाजली. दारात बँकवाले काका. चेहरा पडलेला.

"आपलं काही बिनसलंय का?"

"छे हो! का?" मामा गोंधळला.

"नाही, आधी कसे भरभरून हात करायचात. आता वर केला न केला की खाली! मी करेपर्यंत तुमचा संपलेला. काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. तुमच्यामुळे माझासुद्धा खांदा जरा मोकळा झाला होता."

मामीने तोंडाला पदर लावला. मीही हसलो. मामा हसला नाही. तो भिंतीपाशी गेला, हात वर केला, बोट टेकवलं.

बोट शेवटच्या खुणेच्या खाली होतं. चांगली चार बोटं खाली.

त्याने परत प्रयत्न केला. दात ओठ खाऊन. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि हळूच म्हणाला, "बूटवाल्याला फोन लाव. म्हणावं, छापील लाव."

मामी हसायची थांबली. मी फोन लावला, पण बूटवाल्याला नाही. टेकूला.

संध्याकाळी ती आली. भिंत बघितली आणि चकित. "मामा, इथपर्यंत तर तुम्ही झरझर चढलात! काय करत होतात?"

"तू करशील तेच. तू थांबलीस की मी थांबायचो."

"मी? मी पाच सेकंद थांबलेय."

"कुठले पाच! ते गोल फिरायचं की. चांगली पाय दुखेपर्यंत थांबायचीस तू. हल्ली थांबत नाहीस."

टेकू हळूहळू माझ्याकडे वळली. शाळेत मी तिचा पेपर बघताना पकडलो गेलो, तेव्हा अशीच वळली होती.

"व्हिडिओ लांबू नये म्हणून मी हात पटकन खाली घेतला. पण तोंडाने सांगितलंय, जमेल तितका वेळ धरा! धरून ठेवण्यातच सगळं आहे."

"तोंडाचं कोण ऐकतं?" मामा म्हणाला. "मी नमुना बघतो."

"पेशंट कधी धरत नाहीत रे! हात जोडले तरी धरत नाहीत. एकच पेशंट मन लावून धरत होता. आणि तू तो दुरुस्त केलास?"

"परत बिघडवतो!" मी म्हटलं. बसलो. बंद केलेल्या टॅब परत उघडल्या, ऑनलाइन लिंक लावली. कसलं काय! नेमकं त्या दिवशी नेटही जोरात, वर इतकी साफसफाई झालेली, की तीसुद्धा सुसाट. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट इतकी नीट दुरुस्त केली होती, की ती बिघडायला तयार नव्हती!

"बाजूला हो." टेकूने व्हिडिओ लावला, हात वर गेला आणि तिने पॉज दाबला. "घ्या मामा. थांबले मी."

मामाने स्क्रीनकडे संशयाने बघितलं. "पण गोल कुठंय?"

"गोल नाही. पॉज केलंय."

"गोल फिरत नाही म्हणजे बंद पडलंय. बंद पडलेल्या नमुन्यावर मी काम करत नाही."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हापासून रोज सकाळी मी मामाकडे जातो. टेकूचा हात वर गेला की डाव्या हाताने पॉज दाबतो आणि उजव्या हाताचं बोट तिच्या नाकासमोर गोल गोल फिरवतो. मामा उभा. समोर काका उभे, खूश. मध्ये मी, मनगट मोडेस्तोवर.

"जरा हळू फिरव," मामा म्हणतो. "आधीचं हळू फिरायचं."

सोमवारी बूटवाल्याने मामाला शिडीवर चढवून बघितलं. हात गेला वर! कुरकुरत, पण गेला. पहिलं अक्षर सुरू झालं. परवा टेकूचा फोन आला.

"काम संपेपर्यंत व्यायाम चालू हवा. नाहीतर खांदा परत आखडेल. तू मध्येच पळशील, मी ओळखते तुला."

"नाही पळत."

"वचन?"

"वचन! पाटीवरचं शेवटचं अक्षर वाळेपर्यंत रोज सकाळी येऊन गोल फिरवीन. हळू फिरवीन."