शिशाच्या मुलखावर झेंडूची चढाई

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढ वद्य तृतीया, रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, बी दोनशे नग: ते समयी राजमान्य भरतराव, तंत्रनिकेतनाचे निवृत्त शिक्षक, पनवेलीतील आपल्या सोसायटीमागील पटांगणावर खासे चालून गेले. त्या मुलखी पूर्वी बॅटऱ्यांची शेड होती आणि शिसे मातीत ठाणे देऊन बसले होते आणि दोन वर्षे एक रोप जगले नाही. मग सेक्रेटरी प्रितेश यांनी फर्मान काढिले की, भरतराव बियांस जे औषध पाजू म्हणतात त्याने फरक पडतो हे दाखवावे, तरच बगीचा. एरवी जागा स्कूटरींची. भरतरावांची झोप उडाली.

मग मसलत जाहली. शेजारीण झुबेदाबी यांच्या टेंपोस गतवर्षीच्या दसऱ्याची झेंडूमाळ लटकत होती. तिचे अर्धे बी कुमकेस आले. पैकी शंभर बियांस आदले रात्री जस्ताच्या अतिसूक्ष्म कणांचे, ज्यांस नॅनो म्हणतात, पाणी पाजून चिलखत चढविले, आणि शंभर साध्या पाण्यात ठेविल्या, की तुलना व्हावी.

आठवे दिवशी पाहतात तो दोन्ही रांगा सारख्याच तरारलेल्या!

"काका, हा पावसाचा प्रताप," प्रितेश हसले. "गणपतीपर्यंत झोपतील बघा. मी पार्किंगचे पट्टे मारतो."

भरतराव घरी येऊन खिन्न बसले. तेव्हा कुटुंब दमयंतीबाई यांनी जबानी दिली: "एकाच पंगतीत एकाला औषध नि दुसऱ्याला नुसतं पाणी? मला बघवेना. दुसऱ्या वाटीतही ओतलं मी."

"अगं, तो प्रयोग होता!"

"असेल. माझ्या घरात पंक्तिप्रपंच नको."

हे वर्तमान ऐकून झुबेदाबी हसून बेजार जाहल्या. "भाईजान, अर्धी माळ अजून टेंपोला हाय. घ्या. पण वैनीला आवरा!"

मग प्रितेश यांजकडून पंधरा दिवसांची मुदत मिळविली आणि बिनचिलखती शंभर बियांची तिसरी रांग मांडिली आणि दमयंतीबाईंनी शपथ घेतली, आणि त्या रांगेकडे पाठ करूनच चालत, कारण पाहिले तर हात राहाता ना. पाऊस तोच, माती तीच. परंतु तिसरी रांग पिवळी पडो लागली. भरतरावांचे डोळे चमकले, बाईंचे भरले, ऐसे एका घरी दोन पक्ष जाहले. मुदत सरली, तेव्हा प्रितेश यांनी स्वतः वाकून रोपे मोजिली आणि पट्टे मारावयाच्या चुन्याची पिशवी जिन्याखाली ठेविली. फत्ते जाहली. यंदाची पहिली माळ टेंपोस, ऐसा ठराव जाहला. आणि तिसऱ्या रांगेत जे उरले ते दमयंतीबाईंनी चांगल्या मातीच्या कुंडीत आश्रयास घेतले.

येणेप्रमाणे रुजू: चिलखती दोनशांपैकी उभी एकशे त्र्याऐंशी, बिनचिलखती शंभरांपैकी नऊ.