जत्रेपुरती रेंज

शंभूने सकाळपासून चौथ्यांदा चपला पायात सरकवल्या, तेव्हा कमलाक्षी आतून म्हणाली, "आताच न्हय आयले तळ्यावयल्यान?"

"आनी तितल्यान फोन आयलो जाल्यार?"

मये गावातल्या त्यांच्या घरात मोबाइल होता, रात्रभर चार्जिंगला लावलेला होता, त्याचं बिलही दर महिन्याला न चुकता येत होतं. फक्त रेंज येत नव्हती. ती होती पाऊण किलोमीटरवर, तळ्याच्या बांधावर. तिथेही एकच दांडी, तीही फोन डोक्याच्या वर धरला तर आणि नशीब असलं तर.

पुण्यात त्यांच्या लेकीचे, गौरवीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. कळा सुरू झाल्या की जावई निखिल फोन करणार आणि कमलाक्षी संध्याकाळच्या बसने निघणार, असं ठरलं होतं. आधीच जाऊन बस म्हटलं, तर लेकीच्या सासरी महिनाभर पाहुणी म्हणून कोण राहील, असं तिचं म्हणणं. त्यामुळे सगळा संसार त्या फोनवर टांगलेला होता, आणि शंभूचा जीव आठ दिवस घर ते तळं अशा फेऱ्या मारत होता.

हे दुखणं त्याने जत्रेत विकत घेतलं होतं. नवराबायको दोघं जत्रांतून फिरून खाजं विकत. जानेवारीत गावच्याच जत्रेत त्यांच्या दुकानाशेजारी एका मोबाइल कंपनीचा तंबू पडला. तंबूतला प्रवीण म्हापशाचा, गोड बोलणारा.

"काका, दांड्यो मेजात," तो म्हणाला.

शंभूने मोजल्या. पाच. देवळासमोर मोजल्या, पाच. घरी जाऊन परसात मोजल्या, न्हाणीत मोजल्या, तिथेही पाच. शंभू काही भोळा नव्हता. खाज्याचं गिऱ्हाईक आधी तुकडा तोंडात टाकतं आणि मगच किलोची गोष्ट काढतं. त्यानेही चव घेऊनच माल घेतला. दोन वर्षांचा करार केला, आणि "आता त्या पोरण्या फोनाचें भाडें कित्याक भरता?" असं प्रवीणने विचारल्यावर घरचा तारेचा फोनही परत करून आला. त्याच्यावर भरवसा ठेवून वाड्यावरच्या सहा घरांनीही तेच केलं.

चौथ्या दिवशी जत्रा उठली. पाळणे गेले, फुगेवाले गेले, आणि देवळामागे उभा असलेला उंच खांबाचा ट्रकही गेला. तो वीज खात्याचा असावा असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याच्याबरोबर पाचही दांड्या गेल्या.

तक्रार करायची तर फोन लागायला हवा. तळ्यावरून लावला की नाव सांगेपर्यंत तुटायचा. शेवटी पुढच्या गावच्या जत्रेला दुकान मांडल्यावर शंभूने फोन बाहेर काढला. बघतो तर पाच दांड्या! ट्रक तिथेही हजर होता.

"नमस्कार सर," कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली. "काय अडचण आहे?"

"रेंज नाय."

"सर, तुमचा आवाज अगदी स्पष्ट येतोय."

"हांगा आसा. घरा ना."

"मग घरून फोन करून तक्रार नोंदवा, सर."

अशा अकरा जत्रा झाल्या. अकरा वेळा त्याने तक्रार केली, आणि अकराही वेळा समोरून निर्वाळा आला की फोन उत्तम चालतो आहे.

वाड्यावरच्या गुरुदास मास्तरांनी मग त्याला ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला. तिथे कंपनीच्या वकिलाने कागदांचा गठ्ठाच पुढे केला. अकरा तारखा, अकरा गावं, आणि प्रत्येक ठिकाणी तक्रारदाराच्या फोनला पूर्ण रेंज.

"हे गृहस्थ जातील तिथे आमचं नेटवर्क आहे," वकील म्हणाले.

"साहेब, आमी वता थंय जत्रा आसता," शंभू काकुळतीला येऊन म्हणाला.

मंचाने हुकूम दिला, कंपनीच्या माणसाने तक्रारदाराच्या घरी जाऊन रेंज तपासावी आणि आपल्या व घरच्या माणसाच्या सहीचा कागद सादर करावा.

तर त्या दिवशी दहाच्या सुमारास चौथ्या फेरीला निघालेल्या शंभूला वळणावरच तो ट्रक आडवा आला. पुढे प्रवीण बसला होता. ट्रक थेट शंभूच्या परसात शिरला, फणसाखाली उभा राहिला आणि त्याचा खांब वर चढू लागला.

"काका, रेंज तपासपाक आयलां," प्रवीण म्हणाला. त्याला जराशी लाज वाटत असावी, कारण तो फणसाकडे बघून बोलत होता.

शंभू त्याला चार शब्द सुनावणार, इतक्यात खिशातला फोन थरथरायला लागला. एकामागून एक सतरा निरोप येऊन पडले. सगळे निखिलचे. शंभूने फोन लावला.

"बाबा, पहाटेपासून लावतोय! तिला आत नेलंय. फोन चालू ठेवा."

प्रवीणने कागद पुढे केला. "रेंज आसा म्हूण सही करात, काका. म्हाका चारांक धारगळच्या जत्रेक पावपाक जाय."

"सही केली काय तूं खांब काडटलो," शंभू म्हणाला. "नातवंड जल्मल्या बगर सही ना."

त्याने प्रवीणचं पेन काढून स्वतःच्या खिशात टाकलं. मग तो परसात येरझारा घालू लागला. फणस ते विहीर, विहीर ते फणस. तासाभराने प्रवीणही त्याच्या मागून फिरू लागला. सहा घरांतली माणसं आपापले फोन घेऊन आली आणि कुंपणाला टेकून मस्कतपासून मुंबईपर्यंत बोलत सुटली. तीन वाजता ड्रायव्हर खांब उतरवायला उठला, तर प्रवीणनेच त्याला दटावून खाली बसवलं.

पावणेचारला फोन वाजला. मुलगी. दोघी सुखरूप.

शंभू विहिरीच्या काठावर बसला आणि फोन कानाला लावून एकेक विचारत राहिला. कमलाक्षीने डोळे पुसले, खाज्याची परडी आणली, प्रवीणला मूठभर दिलं, नवऱ्याच्या खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या दोन्ही प्रतींवर सही केली. खाली प्रवीणने सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत तिच्या हातात दिली.

खांब खाली आला. निखिल बाळाचं वजन सांगत होता, ते "तीन किलो" वर तुटलं. ट्रक निघून गेला.

शंभू भानावर आला. "सही दिली तुवें? केस गेली न्हय आमची!"

कमलाक्षीने कागद त्याच्यापुढे धरला. सहीच्या वर तिच्या ठसठशीत अक्षरांत एक ओळ होती: 'कंपनीचा खांबाचा ट्रक आमच्या परसात दहा ते चार उभा होता तेवढा वेळ रेंज होती.' त्याखाली प्रवीणची सही आणि कंपनीचा गोल शिक्का.

शंभूने ती ओळ दोनदा वाचली. "ताणें हें वाचलें ना?"

"वाचपाक वेळ खंय आशिल्लो?" कमलाक्षी म्हणाली. "तो रडटालो."