सावळारामचा कोरडा बार

सोमवारी सकाळी सात वाजता, भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यालगत सावळारामने फक्कीची एक लांब रेघ ओढली आणि इथे बार होणार असे जाहीर केले.

ऐकायला दोघेच होते, बायको प्रयागबाई आणि मकसूद सुतार. दारूबंदी लागू होऊन काही वर्षे लोटली होती. मकसूदने करवत पिशवीत परत ठेवली.

“सावळारामभाऊ, मला लेकरंबाळं हायत.”

“दारू न्हाय रं. सोडा, लिंबू, गुलाबाचं सरबत. निस्ती बसायची रीत बारची.”

सावळारामची उमेदीची वर्षे पुण्याच्या लष्करात, साहेबांच्या मेसमध्ये वाढप करण्यात गेली होती. तिथली छातीइतकी उंच फळी, तिच्यापुढची उंच स्टुले आणि फळीवर कोपर टेकून बसलेले साहेब त्याच्या डोक्यातून जात नव्हते. नोकरी सुटली, पण नकाशा पाठ राहिला. मागे भटारखाना, मध्ये जेवणाची बाकडी आणि पुढे, रस्त्याकडे तोंड करून, बार. फळी आणि रस्ता यांच्यामध्ये सावळाराम स्वतः उभा राहणार, आणि फळीपलीकडे ऐटीत टेकलेली गिऱ्हाइके येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार.

“छातीएवढी फळी कशाला?” प्रयागबाईने विचारले. “भाकरी काय उभ्यानं खायची?”

“ती खायला न्हाय, टेकायला.”

“टेका. दिवाळीपतूर चाललं तर चाललं. न्हायतर गुमान लोणीला चलायचं, माझ्या भावाच्या मळ्यात वांगी तोडायला.”

लोणी भापकरचा हा मेहुणा, महिपती, सावळारामपेक्षा वयाने लहान होता आणि भेटेल तेव्हा म्हणायचा, “दाजी, तुमच्यासाठी एक पाटी राखून ठिवलीय.” सावळारामला वांग्यांचे काही वाटत नव्हते. त्या पाटीचे वाटत होते.

दसऱ्याला बार उघडला. जागा रावजी आबांची, म्हणून पहिला मान त्यांचा. आबांनी धोतर सावरले आणि स्टुलाकडे खालून वर पाहिले.

“ह्याच्यावर चढायचं?”

“बसायचं, आबा.”

“बैलगाडीला निदान पाय ठिवाया जागा आसती.” आबा मागे सरकले आणि जेवणाच्या बाकावर जाऊन बसले.

तिथेच घोटाळा झाला. आबा खाली बसलेले असताना त्यांच्या डोक्याच्या वर पाय लोंबकळत कोण बसणार? आबांच्या मागोमाग आलेल्या गेणूने एका स्टुलावर पाय टाकला होता.

“चढ की, गेणू,” आबा शांतपणे म्हणाले. “आमी काय, खालीच हाओत.”

गेणूने पाय काढून घेतला. दिवसभर लोक आले, उभ्या उभ्या घोट घेऊन गेले. स्टुले रिकामीच.

“पाणपोई बरी दिसतीया,” प्रयागबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सावळारामने स्टुलांचे पाय बाकाच्या उंचीला कापायला लावले.

“फळी बी उतरवू का?” मकसूदने विचारले.

“फळीला हात लावायचा न्हाय.”

आता सगळे बसले, आबा अगदी मधोमध. पण माणसे खाली आणि फळी वरच. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फळीच्या कडेवर फेट्यांची एक रांग दिसे. मधूनच एक हात वर येई, ग्लास घेई आणि ग्लासासकट खाली बुडून जाई.

बाजाराहून परतणारी छबूबाई हे पाहून थबकली. “दडून प्येतात,” ती बरोबरच्या बाईला म्हणाली, “मंजी काय प्येत आसतील?”

संध्याकाळपर्यंत ही बातमी निरवांगी गावाला पोचली. सकाळी तिथूनच माणसे आली.

“खरं सांगा, मालक, काय घालताय ह्यात?”

“आवं, सोडा हाय.”

“व्हय व्हय. सोडाच.” आणि डोळा मिचकावून ग्लास खाली जाई.

सावळाराम जितक्या शपथा घेई, तितका लोकांचा त्याच्या हुशारीवरचा विश्वास वाढे. दुसऱ्या बाटलीनंतर गेणू भिंत धरून चालू लागला. महिपतीही एकदा आला. पाटीचा विषय न काढता त्याने स्टूल ओढले आणि हळूच म्हणाला, “दाजी, मलाबी त्यातलंच द्या.”

मग फौजदार आले. त्यांनी माठ हुंगले, भटारखाना उलथापालथा केला आणि शेवटी स्वतः स्टुलावर बसले. फळीवर त्यांची टोपी तेवढी उरली.

“सोडा दिसतोय,” टोपीखालून आवाज आला.

“सोडाच हाय, साहेब.”

“मग दडून का पितात?”

सावळारामने मेसपासून सुरुवात केली आणि आबांच्या धोतरापर्यंत आला. फौजदारांनी लिहिता हात थांबवला. “हे पंचनाम्यात कसं घालू?”

“घाला की,” पंच म्हणून बसलेले आबा म्हणाले. “स्टुलं कापली, आसं लिवा. खोटं काय हाय?”

अखेर गोटी सोड्याची एक बाटली मोहर लावून तपासणीसाठी पुण्याला पाठवायचे ठरले. अहवाल येईपर्यंत बार बंद नाही, आणि निर्दोषही नाही.

“आहवाल आला की सुटलात, सावळारामभाऊ,” मकसूद म्हणाला.

“सुटतायत कशाचं?” प्रयागबाईने आवाज खाली आणला. “निस्ता सोडा हाय आसं पुण्याहून लिवून आलं, तर उद्या हितं कोन येतंय?”

सावळारामने फेट्यांच्या रांगेकडे पाहिले. एकही जागा रिकामी नव्हती. हा विचार त्याला आजवर शिवलाच नव्हता. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की तो भटारखान्यात जाऊ लागला.

पुढच्या आठवड्यात कळले, की बाटली पुण्याला रिकामीच पोचली. ती नेणाऱ्या शिपायाने वाटेत मोहर फोडून संपवली होती. ऊन फार होते, असे त्याचे म्हणणे. वरिष्ठांनी फौजदारांना लेखी विचारले, की बाटलीत साधा सोडा होता, तर सरकारी मोहर फोडण्याइतकी ओढ शिपायाला कशाची लागली? फौजदारांनी तो कागद सावळारामपुढे धरला. सावळारामने तो वाचून परत दिला आणि पुढची बाटली फोडली.

नवा नमुना न्यायला आता दोन शिपाई येणार आहेत, एक बाटली धरायला आणि दुसरा पहिल्याला धरायला. दिवाळी तोंडावर आली आहे. शिपाई अजून आलेले नाहीत.